हो, ऐकू येतंय

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मुलीला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे बसल्यावरही नाही. तिथे तर मी रामरक्षा मुद्दाम मोठ्याने म्हणते, म्हणजे दुसरं काही मनात यायला जागाच राहत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांचं माझ्याविषयीचं मत फार चांगलं आहे. ओहायोतल्या डब्लिनला आमचं घर आहे, आणि इथल्या मराठी मंडळात कुणाचा नवरा आजारी पडला की त्याच्या बायकोला माझं उदाहरण देतात. शैलाताईंकडे बघ, किती करतात त्यांचं!

करते खरी. काय काय केलं, तेच सांगायचं आहे — पण एकदम नाही जमणार. जरा फिरून येऊ द्या.

हे, म्हणजे विनायक, माझे यजमान, मूळचे नागपूरचे. चाळीस वर्षं इथे पुलांची डिझाइनं केली. पण मंडळात त्यांना इंजिनिअर म्हणून कोण विचारतो? नाव होतं ते आवाजासाठी. गणपती, दिवाळी, कुणाची एकसष्टी, निवेदन ह्यांचंच. शाळेच्या हॉलमधला माइक बंद पडला की बाकीचे धावपळ करायचे, हे मात्र तसेच बोलत राहायचे आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे.

घरातही आवाज तोच. हॉटेलात माझी ऑर्डर हे देत. डॉक्टरांनी मला विचारलं, कुठे दुखतंय, की उत्तर हे देत — आणि बहुतेक वेळा बरोबर देत, तेच जास्त लागायचं. मी मनात इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत ह्यांचं बोलून झालेलं असे. तुम्ही म्हणाल, आता ही नवऱ्याच्या चुका मोजून स्वतःचं झाकणार. नाही झाकत. माणूस वाईट नव्हता. मोठ्याने बोलायचा, एवढंच. हे इथे लिहिलं आणि इथेच सोडलं.

मग पार्किन्सन्स आला. हात थरथरायला लागला, तो सगळ्यांना दिसला. आवाज उतरत गेला, तो आधी कुणाच्या लक्षातच आला नाही, ह्यांच्या स्वतःच्या तर मुळीच नाही. मला वाटायचं, माझेच कान गेले. शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी आवाजाच्या थेरपीसाठी पाठवलं.

थेरपिस्टचं नाव मेगन. तिशीची असेल, पायात पळायचे बूट, आणि अंगात उत्साह असा की मला बसल्याजागी दमायला व्हायचं. आठवड्याचे चार दिवस, महिनाभर. गाडी मी चालवायची आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं. टेबलावर आवाज मोजायचं यंत्र. ह्यांनी पोटातून श्वास घ्यायचा आणि लांबलचक ‘आ’ लावायचा, यंत्रावरचा आकडा खाली येऊ न देता. मेगन समोर हात नाचवत ओरडायची, लाउड, लाउडर! पासष्टी ओलांडलेला माझा नवरा पाळण्यातल्या बाळासारखा आ करतो आहे. मला आधी हसू यायचं, मग वाईट वाटायचं.

‘आ’ झाल्यावर दहा वाक्यं. मेगननं सांगितलं होतं की रोज तोंडी येतात अशी दहा वाक्यं स्वतः निवडा, आणि तीच रोज मोठ्याने म्हणा. मराठीतली चालतील, म्हणाली, मला अर्थाशी काय करायचंय, मी आकडा बघणार. तर ह्यांची वाक्यं म्हणजे — अगं, चहा झाला का. गॅरेजचं दार लावलंस का. असलीच सगळी. आणि शेवटचं, ‘आक्का, मी विनू बोलतोय.’

आक्का ह्यांची थोरली बहीण, चौदा वर्षांनी मोठी. हे सहा वर्षांचे असताना आई गेली, आणि आक्कांनी ह्यांना वाढवलं. स्वतःचं लग्न लांबवलं त्यासाठी. आता नागपूरला मुलाकडे, श्रीरामकडे असायच्या. दर रविवारी आमच्या सकाळी ह्यांचा त्यांना फोन. आमच्या लग्नाच्या आधीपासून, कधी न चुकलेला.

महिना संपला आणि आवाज परत आला. अगदी पूर्वीचा नाही, पण आला. त्या रविवारी ह्यांनी फोनवर ते दहावं वाक्य म्हटलं, आणि पलीकडे आक्का रडायलाच लागल्या. “अरे श्रीराम, ऐकून राहिला का? विनूचा आवाज आला रे!” मीही रडले. ते रडणं खरं होतं, एवढं तरी माझं धरा.

शेवटच्या दिवशी मेगननं मला बाजूला घेतलं. म्हणाली, ह्या आजारात माणसाला स्वतःचाच आवाज नीट कळत नाही. पुटपुटलं तरी त्याला वाटतं, मी व्यवस्थित बोललो. व्यवस्थित बोललं तर वाटतं, मी ओरडतोय. हे त्यांना स्वतःहून कधीच कळणार नाही. म्हणून रोज सराव हवा, आणि घरातल्या एका माणसानं प्रत्येक वेळी खरं सांगायला हवं — ऐकू येत नाही, मोठ्याने. ते थांबलं की आवाज पुन्हा जाईल. मग तिनं मला एक तक्ता दिला. सराव झाला की चौकोनात खूण करायची.

म्हणजे काम काय होतं माझ्याकडे? खोटं बोलायचं नाही. बस.

पहिले काही आठवडे मी ते केलं. ऐकू येत नाही, म्हणायचे. हे चिडायचे. किती ओरडू, म्हणायचे, शेजारी पोलीस बोलावतील. मी पुन्हा, ऐकू येत नाही. दिवसातून पंचवीस वेळा हे एकच वाक्य म्हणून बघा एखाद्याला. त्याचा चेहरा बघा.

मग एक दिवस मी थालीपीठ थापत होते, आणि हे बाहेरून काहीतरी म्हणाले. मला शब्द कळला नाही. हात पिठाचे, गॅसवर तवा तापलेला. मी म्हटलं, “हो, ऐकू आलं.” आणि ह्यांचा चेहरा असा खुलला! “आलं ना? मग मेगन उगाच घाबरवते.” हेही मी ओठांवरून ओळखलं. ऐकू आलंच नव्हतं.

इथपर्यंत कुणीही मला माफ करील. दमलेली बायको, एक साधं खोटं. पण मी तिथे थांबले का?

दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं, येतंय ऐकू. तिसऱ्या दिवशी ‘आ’ दहाचे पाच केले. महिन्याभरात सराव बंद आणि तक्त्यावर खुणा मात्र सगळ्या. मी एकाच बैठकीत पंधरा दिवसांच्या खुणा करायचे, आणि एकसारख्या दिसू नयेत म्हणून दोन पेनं वापरायचे. मनाशी म्हणायचे, त्यांना बरं वाटतंय ना? आणि घर शांत झालं होतं. इतकं शांत, की फ्रिजची घरघर ऐकू यायची. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू — फार आवडलं.

त्याच सुमाराला कुणाच्या तरी नव्या घराच्या पूजेचं जेवण होतं. हे एक जुना किस्सा सांगू लागले, त्यांचा ठेवणीतला. माणसं पुढे वाकली, हसऱ्या चेहऱ्याने माना हलवू लागली. इथली रीत तुम्हाला माहीत असेल. ऐकू आलं नाही असं तोंडावर कुणी म्हणत नाही. अमेरिकन तर नाहीच म्हणत, आणि आपली माणसंही वीस-तीस वर्षांत ते शिकतात. स्मितहास्य करतात आणि सॅलड वाढून घेतात. तर सगळे माना हलवत होते आणि हळूच माझ्याकडे बघत होते. मग मी तो किस्सा सांगितला. ते असं म्हणतायत, म्हणून सुरुवात केली, आणि ह्यांच्यापेक्षा थोडक्यात सांगितला. खोली हसून लोटपोट. हे खूश, त्यांना वाटलं, आपल्याला हसले. आणि मी? एवढी माणसं माझ्या तोंडाकडे बघत थांबली आहेत, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं होतं. ती चव एकदा तोंडाला लागली, आणि मग मी नियमाने बसायला लागले ह्यांच्या शेजारी.

पुढचं मी ठरवून केलं. मुलगी केतकी मिनेसोटात ईडन प्रेरीला असते. तिला म्हटलं, बाबांना ‘ऐकू येत नाही’ म्हणू नकोस, ते खचतात. काय म्हणाले ते मला विचार. मंडळातल्या चार बायकांनाही तेच सांगितलं. सगळ्यांना केवढं कौतुक वाटलं! सहा महिन्यांनी मेगनची तपासणी होती, ती मी कॅन्सल केली. तिला सांगितलं, आम्ही प्रवासात आहोत. ह्यांना सांगितलं, मेगन म्हणते, आता गरज नाही. हे हसले. बघ, म्हणाले.

राहता राहिल्या आक्का. त्यांना कोण गप्प करणार? नागपूरकडचा माणूस माना डोलावत बसत नाही. त्या सरळ म्हणायच्या, “काहीच ऐकू नाही येऊन राहिलं रे, विनू!” एकदोन रविवार हे गोंधळले. माझ्याकडे बघायला लागले. मग मी ह्यांना सांगितलं की आक्कांचे कान गेलेत.

आक्कांचे कान! वयाची ऐंशी उलटली तरी शेजारच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकणारी बाई. पण ह्यांनी विश्वास ठेवला. बिचारी, म्हणाले. त्यानंतर मी स्पीकर बंद करून फोन माझ्या कानाला लावायला लागले. हे शेजारी बसून बोलायचे, मी पलीकडे सांगायचे. आक्का बोलायच्या, मी अलीकडे सांगायचे. त्या दोघांच्या मधे मी. आधी शब्दाला शब्द सांगत होते. मग थोडं गाळायला लागले. मग थोडं घालायला.

ही नुसती तयारी होती, हे मला तेव्हा कळलं नाही. की कळलं होतं?

मागच्या वर्षी न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले की आता गिळतानाही अडकायला लागलंय. कुठे लांब जायचं असेल तर ह्या हिवाळ्याच्या आत जाऊन या, व्हीलचेअर घ्या, जमेल. पुढचं सांगता येत नाही. त्यांनी असंही विचारलं की आवाजाचा सराव चालू आहे ना? मी म्हटलं, रोज.

त्या रविवारी आक्का म्हणाल्या, “शैला, विनूला म्हणा, एकदा येऊन जा. महिनाभर राहा म्हणा माझ्याजवळ. मी काही आता फार दिवस नाही.” त्या मला अहोजाहो करायच्या, एवढ्या मोठ्या असून.

मी ह्यांच्याकडे वळले. काय सांगितलं असेल मी? अगदी खरं सांगितलं. आक्का या म्हणतायत. का सांगितलं खरं, ते मलाही माहीत नाही. हे ताठ बसले. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले, मेगननं शिकवला होता तसा पोटातून श्वास घेतला, आणि म्हणाले, “येतो. आक्का, मी येतो.” फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. मला फक्त हवा बाहेर पडल्यासारखं ऐकू आलं. पण ओठ स्पष्ट होते, आणि ह्यांना वाटलं, आक्कांनी ऐकलं. डोळे भरून आले होते त्यांचे.

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. आणि आक्कांना सांगितलं, ते नको म्हणतायत.

“नको म्हणतो?” त्यांनी दोनदा विचारलं. “तो स्वतः म्हणाला?”

“हो. म्हणतात, आता एवढी ओढ नाही राहिली.”

दमतात म्हणता आलं असतं. डॉक्टर नको म्हणतात म्हणता आलं असतं. ओढ नाही राहिली — हे मी कुठून आणलं? आजही विचारते स्वतःला. आक्का म्हणाल्या, “बरं. जपा त्याला.”

का केलं हे? तुम्ही विचारायच्या आत सांगते. नागपूरला नेलं असतं, तर आक्कांनी, श्रीरामनं, त्याच्या बायकोनं, दारात आलेल्या पहिल्या माणसानं दोन मिनिटांत ह्यांच्या तोंडावर म्हटलं असतं, अहो, तुमचा आवाजच ऐकू येत नाही. आणि ह्यांना कळलं असतं की आक्कांचे कान ठणठणीत आहेत. आणि मग हे माझ्याकडे वळले असते. त्या नजरेला मी भ्याले. एका माणसाच्या बहिणीची शेवटची भेट मी त्याच्या एका नजरेला घाबरून बुडवली. ह्याहून मोठं कारण माझ्यापाशी नाही.

ह्यांनी कपाटावरची बॅग काढायला सांगितली. आक्कांसाठी गरम शाल घ्यायची म्हणाले. मी हो हो म्हणत राहिले. तीन आठवडे. मग एका रविवारी फोन ठेवल्यावर मी ह्यांच्याजवळ बसले, हातावर हात ठेवला आणि सांगितलं, आक्का म्हणतात, येऊ नका. त्यांना आता आजारी माणसाचं बघवत नाही.

म्हणजे दोघांनाही कापलं, ज्याला त्याला दुसऱ्याच्या हाताने.

ह्यांनी मान खाली घातली. म्हणाले, बरोबर आहे तिचं. त्यानंतर रविवारी मी फोन लावायचे तेव्हा हे टीव्ही बघत बसायचे. बॅग मी परत कपाटावर ठेवली.

हिवाळा संपता संपता आक्का गेल्या. सकाळी श्रीरामचा फोन आला, तेव्हा केतकीही आलेली होती, सुट्टी काढून चार दिवसांसाठी. श्रीराम रडत रडत सांगत होता की आई शेवटपर्यंत सगळ्यांना बजावायची, विनूला कुणी बोल लावू नका, त्याची तब्येतच तशी आहे. मी ऐकत होते. फोन ठेवला, बैठकीच्या खोलीत आले, आणि ह्यांना सांगितलं.

हे हलले नाहीत. केतकी त्यांच्या खुर्चीशी खाली बसली, बाबा, आय ॲम सो सॉरी, म्हणत. माझ्याकडे बघायला लागली, आता बाबा काय म्हणतील ते मी सांगावं म्हणून, सवयीनं. मीही तयारच होते. काहीतरी चांगलं सांगितलं असतं मी.

आणि ह्यांनी श्वास घेतला. खोल, पोटातून. आणि मोठ्याने, स्वच्छ, त्या जुन्या हॉलमधल्या आवाजात म्हणाले, “तिनं मला बोलावलं नाही.”

वर्षभरात पहिल्यांदा मला कुणी विचारलं नाही, काय म्हणाले म्हणून. प्रत्येक शब्द केतकीला कळला. ती उठून उभी राहिली.

“Is that true, आई? आत्यानी नाही बोलावलं बाबांना?”

ह्यांची मान अर्धवट माझ्याकडे वळलेली. दोघं माझ्याकडे बघत होते. त्या खोलीत तेव्हा मला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हटलं, “हो.”

त्यानंतर ह्यांचा आवाज पुन्हा आला नाही. मेगनकडे परत नेऊ या, असं केतकी म्हणते. मी म्हणते, त्यांनाच नको आहे. घास बारीक करून भरवावा लागतो. डॉक्टर आता पुढच्या वर्षाविषयी बोलत नाहीत. हे दिवसभर खिडकीशी बसतात, आणि मी जवळून गेले की डोळे माझ्याबरोबर फिरतात. त्यांना काही कळलंय का? मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत नाही, आणि विचारलं तर उत्तर ऐकू येणार नाही.

कान मात्र त्यांचे उत्तम आहेत. मी आत्ता उठून बाहेर गेले आणि हळू आवाजात जरी सांगितलं, तरी त्यांना सगळं कळेल. आक्कांनी बोलावलं होतं. तुम्ही येतो म्हणाला होतात. मधे मी होते.

सांगितलेलं नाही. उद्या सांगेन, असंही मी इथे लिहीत नाही.